‘माका कसातरीच होता’ म्हणणाऱ्या मुलांसाठी

पत्र

मी मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. तिसरी आणि चौथी असा एकत्र वर्ग असून पटावर १९ मुले आहेत. मुलांना खेळांतून भावनांची ओळख करून द्यावी, असे प्रशिक्षणात सांगितले होते. म्हणून मी फळ्यावर आनंद, दुःख, राग आणि भीती ही नावे लिहिली, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता टांगला आणि चिठ्ठ्या उचलून अभिनय करण्याचा खेळ सुरू केला. ‘आज तुला कसे वाटते?’ असे विचारले की प्रत्येक मूल ‘आनंदी’ एवढेच म्हणे. गेल्या आठवड्यात एका मुलाच्या वाट्याला ‘दुःख’ ही चिठ्ठी आली. त्याची आई गणपतीनंतर कामासाठी मुंबईला गेली आहे आणि तो आजीजवळ राहतो. अभिनय करता करता तो खरोखरच रडू लागला, बाकीची मुले हसली आणि तो वर्गाबाहेर पळाला. त्या दिवसापासून मी हा तास बंद केला आहे. मुख्याध्यापक म्हणतात, आधी वाचन आणि गणित पाहा. एका पालकांनी विचारले, ‘बाई, पोरांका रडूक शिकवतास काय?’ माझे चुकले का? खेळ घ्यायचेच असतील तर ते कसे घ्यावेत? आणि मला स्वतःला राग आला, तर तो मुलांना सांगावा की लपवावा?

उत्तर

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते मिळेपर्यंत पुढचे तुम्हाला मोकळ्या मनाने वाचता येणार नाही. खेळ घेण्यात तुमची चूक झाली नाही आणि मूल रडले यातही काही बिघडले नाही. चुकली ती चिठ्ठी. ज्या मुलाची आई गणपती आटोपल्यावर मुंबईच्या गाडीत बसून गेली, त्याच्या हातात ‘दुःख’ एवढाच शब्द लिहिलेला कागद आला आणि १८ जणांसमोर उभे राहून ते करून दाखव, असे त्याला सांगितले गेले. दाखवायला त्याच्यापाशी दुसऱ्या कोणाचे दुःख नव्हते, म्हणून त्याने स्वतःचे बाहेर काढले. त्याच चिठ्ठीवर ‘आठवड्याच्या बाजारात आजीचा हात सुटलेला मुलगा’ असे लिहिलेले असते, तर तो त्या मुलाच्या नावाने हवा तेवढा रडला असता, आजी सापडली म्हणून हसलाही असता आणि खेळ संपल्यावर त्या मुलाला तिथेच सोडून आपल्या जागेवर येऊन बसला असता.

भावनांचे खेळ घेताना मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. मूल आणि त्याची भावना यांच्यामध्ये एक आडोसा असला पाहिजे, मग तो एखाद्या पात्राचा असो, बाहुलीचा असो किंवा समुद्राचा असो, आणि त्या आडोशातून बाहेर कधी यायचे, हे मुलाने ठरवायचे असते.

तुमची मुले हा आडोसा चांगला ओळखतात. जत्रेच्या रात्री दशावताराच्या नाटकात संकासूर हा राक्षस येतो, तेव्हा लहान मुले आजीच्या पदराआड तोंड लपवतात आणि त्याच पदराच्या कडेने डोकावून त्याला हसतातही. भीती आणि मजा त्यांना एकाच वेळी पेलता येते, कारण तो तिकडे आहे आणि आपण इकडे आजीच्या मांडीवर आहोत, याची त्यांना खात्री असते. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेले असते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. वर्गातला खेळही याच रीतीने बांधावा, असे मी सुचवीन. प्रसंग तुम्ही ठरवा, पात्र कोण आहे ते सांगा आणि ते काय बोलते, कसे वागते, हे मुलांवर सोपवा. मधल्या सुट्टीत तुमची मुले दशावतारच खेळत असतील, तर त्यांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

आता त्या ‘आनंदी’ या उत्तराविषयी. मुले खोटे बोलत नव्हती. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला एक बरोबर उत्तर असते, एवढे तिसरीतल्या मुलाला पक्के कळलेले असते, आणि फळ्यावरच्या चार शब्दांपैकी बाईंना आवडणारा शब्द कोणता, हेही त्याने ओळखलेले असते. शिवाय चार शब्द फारच अपुरे आहेत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव सांगितले आहेत आणि त्यांच्या जोडीला येणारे-जाणारे ३३ व्यभिचारी भाव मोजले आहेत. त्यांत शंका आहे, असूया आहे, लाज आहे, चिंता, गर्व, औत्सुक्य आणि विषादही आहे. आपल्याच परंपरेने इतक्या बारकाईने केलेली ही मोजणी वर्गात येईपर्यंत हसरा चेहरा आणि रडका चेहरा एवढीच का उरावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुलांना ३३ नावे पाठ करून घ्यावीत, असे मी म्हणत नाही. ती नावे त्यांच्या तोंडी वेगळ्या रूपात आधीपासूनच आहेत. ‘तुला कसे वाटते?’ हा पुस्तकी प्रश्न बाजूला ठेवून ‘तुका काय होता?’ असे विचारून पाहा. मग ‘पोटात गोळो इलो’, ‘जीव घाबरता’, ‘माका कसातरीच होता’ अशी उत्तरे येतील. ‘कसातरीच होता’ हे उत्तर अपुरे समजून खोडू नका. ते अतिशय प्रामाणिक उत्तर आहे, आणि त्या ‘कसातरी’मध्ये काय काय मिसळले आहे ते हळूहळू वेगळे करणे, हेच तर आपल्याला शिकवायचे आहे. मुलाने घरच्या बोलीत सांगितले की तोच शब्द तुम्ही एकदा उच्चारा आणि मग शेजारी प्रमाण मराठीतला शब्द ठेवा. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव देताना भीतीसारख्या भावनांना प्रतिसाद देणाऱ्या, मेंदूतील अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया मंदावते. तो अभ्यास प्रौढांवर केलेला होता; तरीही नाव मिळाले की भावनेचा जोर थोडा ओसरतो, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाने वर्गात घेतलेला असतो.

तक्ता मात्र काढून ठेवावा. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी राग, किळस, भीती, आनंद, दुःख आणि आश्चर्य या सहा मूलभूत भावना चेहऱ्यावरून जगभर सारख्याच ओळखता येतात, असे मांडले आणि असे तक्ते याच समजुतीवर आधारलेले असतात. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेऊन दाखवले की माणसे रागावल्यावर नेहमी कपाळाला आठ्या घालतातच असे नाही आणि आठ्या घालणारा प्रत्येक जण रागावलेला असतोच असेही नाही. तुमच्या वर्गातली हसणारी मुले आठवून पाहा. त्यांतली काही मुले घाबरून हसली असतील, कारण आपल्यासारखेच एक मूल अचानक हुंदके देऊ लागले की काय करावे, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते.

पहिला खेळ म्हणून मी साडीचा खेळ सुचवते. त्याला एक जुनी साडी पुरते. साधारण साडेपाच मीटरच्या साडीच्या दोन्ही काठांना १९ मुले सहज उभी राहतात आणि प्रत्येकाच्या मुठीत काठाचा थोडा थोडा भाग येतो. साडीच्या मधोमध एक हलकी करवंटी ठेवा, ती होडी. तुम्ही समुद्राची स्थिती सांगायची आणि मुलांनी साडी त्याप्रमाणे हलवायची. ‘वारो पडलो’ म्हटले की साडी जवळजवळ स्थिर, मग बारीक लाटा, मग भरती, मग उधाण. करवंटी उडून खाली पडली की मुले ओरडतील, आणि त्यांना ओरडू द्यावे. पहिल्या दिवशी भावनांचा शब्दही काढू नका. दुसऱ्या वेळी समुद्राला राग आला आहे असे सांगा, पण किती, ते विचारा. नुसती चिडचिड झाली असेल तर साडी कशी हलेल, संताप झाला असेल तर कशी हलेल आणि आतल्या आत धुमसणारा राग असेल तर कशी हलेल, हे मुलांनी हातांनी शोधायचे आहे. वरून शांत दिसणारी आणि खाली थरथरणारी साडी मुलांनी करून दाखवली, तेव्हा ‘हा माझ्या आजोबांचा राग’ असे एक मुलगी म्हणाली होती. रागाला पायऱ्या असतात आणि तो पहिल्या पायरीवर असतानाच ओळखता येतो, हे इतक्या थेटपणे मला कोणत्याही पाठातून शिकवता आले नव्हते.

तिसऱ्या किंवा चौथ्या वेळी या खेळातला खरा भाग येतो. एक मूल म्हणते, ‘आज माझा दर्या असा आहे’, आणि फक्त आपल्या मुठीतला काठ हलवते. बाकीच्यांनी त्याच्या हाताकडे पाहून तसाच काठ हलवायचा. कारण विचारायचे नाही, कोणी काही बोलायचेही नाही. आपल्या मनातली खळबळ १८ जणांनी आपल्याइतक्याच जोराने हलवून पाहिली, हे त्या मुलाला मिळते. बाकीच्यांना दुसऱ्याची खळबळ हातांना जाणवते. ज्याला त्या दिवशी काहीच दाखवायचे नसेल, त्याने ‘होडी किनाऱ्यावर’ असे म्हणावे आणि पुढच्याची पाळी यावी. ही मुभा पहिल्याच दिवशी द्या आणि सर्वांत आधी तुम्ही स्वतः वापरून दाखवा, म्हणजे किनाऱ्यावर राहणे म्हणजे हरणे, असे कोणाला वाटणार नाही. प्रत्येक खेळ सुकतीने, म्हणजे ओहोटीने, संपवायचा. साडी हळूहळू वर जाताना श्वास आत आणि त्याहून सावकाश खाली येताना श्वास बाहेर, असे सहा-सात वेळा केले की आरडाओरडा करून दमलेला वर्ग आपोआप स्थिरावतो. श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांबला की हृदयाची धडधड मंदावते, त्याचा हा उपयोग आहे. मुलांना मात्र एवढे सांगावे लागत नाही.

एक काळजी घ्या. ‘वादळ’ हा शब्द खेळात सुरुवातीला आणू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा तुमची मुले अगदी लहान होती, परंतु कौले उडालेली, माडपोफळी आडव्या झालेल्या आणि कितीतरी दिवस वीज नसलेली घरे त्यांनी पाहिली आहेत किंवा त्यांविषयी सतत ऐकले आहे. उधाण दर अमावास्या-पौर्णिमेला येते आणि जाते. ते ओळखीचे आहे. त्याच्यापासून सुरुवात करावी.

दुसरा आडोसा नारळाच्या करवंटीचा. नारळ फोडल्यावर ज्या वाटीला तीन डोळे असतात, ती वाटी घ्या. दोन डोळे आणि खाली एक तोंड असा चेहरा त्यात आयताच असतो. तो हसरा नसतो, रडका नसतो, पाहणाऱ्याला जसा वाटेल तसा असतो, आणि म्हणूनच तो तक्त्यावरच्या चेहऱ्यांपेक्षा कितीतरी उपयोगाचा आहे. काठीला बांधून, फडक्याचा सदरा घालून त्याची बाहुली करा आणि नाव मुलांनाच ठेवू द्या. एका वर्गाने आपल्या बाहुलीचे नाव ‘नारबा’ ठेवले होते. हा नारबा आठवड्यातून एकदा वर्गात येतो आणि त्याला काहीतरी झालेले असते. काय झाले आहे ते मुलांनी ओळखायचे आणि त्याला काय करावे ते सांगायचे. ‘नारबा आज डबा न खाता बसलाय’ एवढे सांगून तुम्ही थांबा. मग कोणी म्हणेल, त्याचे कोणाशी भांडण झाले. कोणी म्हणेल, त्याचे बाबा बोटीवर गेले आणि वारा सुटला. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत कोणी म्हणेल, घरात पैशांवरून बोलणी चालली आहेत. ही मुले आपल्याच घरचे सांगत असतात, पण नारबाच्या तोंडून, आणि तुम्ही ते नारबाचेच म्हणून ऐकायचे. ‘हे तुझ्या घरी झाले का?’ हा एक प्रश्न विचारला की आडोसा कोसळतो आणि पुढच्या आठवड्यापासून नारबाला पुन्हा ‘आनंदी’ वाटू लागते.

करवंट्या, शंख-शिंपले, बिया आणि पाने यांतून शिकवण्याची रीत आपल्या कोकणात नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम उभे केले, ते परिसरात मिळणाऱ्या अशाच वस्तूंवर. महागडे संच मागवण्याची सूचना कोणी केली, तर हे जरूर सांगा.

तिसरा खेळ तुमच्या मालवणच्या मुलांसाठी मुद्दाम राखून ठेवला आहे, तो रापणीचा. होडीने अर्धवर्तुळात टाकलेले जाळे किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढायचे आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे, हे त्यांनी पाहिले आहे. अंगणात एक जुने जाळे किंवा ओढणी पसरा, दोन्ही टोकांना दोर बांधा आणि त्यात जाड कागदाचे कापलेले बांगडे आणि तारल्या टाका. प्रत्येक माशावर एक प्रसंग लिहा, भावना लिहू नका. ‘भावाने माझे पेन न विचारता नेले.’ ‘बाईंनी माझे नाव सोडून सगळ्यांची नावे घेतली.’ ‘आजीला दवाखान्यात नेले.’ ‘उद्या बाबा मुंबईहून येणार.’ मुलांनी एका तालावर दोर ओढून जाळे आणायचे, मासे वाटून घ्यायचे, आणि मग जमिनीवर खडूने काढलेल्या माणसाच्या आकृतीवर आपला मासा ठेवायचा. प्रसंग वाचल्यावर अंगात जिथे काही होते, तिथे तो ठेवायचा: पोटात, घशात, छातीत, मुठीत किंवा पायांत.

एकदा ‘उद्या बाबा मुंबईहून येणार’ हा मासा एका मुलाने आकृतीच्या पायांवर ठेवला, कारण त्याला नाचावेसे वाटले. तोच मासा उचलून एका मुलीने पोटावर ठेवला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, ‘बाबा इले की परत जातले मा.’ क्षणभर कोणीच बोलले नाही आणि मग पायांवर मासा ठेवणारा मुलगा उठला, त्याने मासा घेतला आणि दोन्ही जागांच्या मध्ये ठेवला. एकाच प्रसंगाने दोघांना वेगवेगळे वाटू शकते आणि एकालाच दोन गोष्टी एकत्र वाटू शकतात, हे त्या वर्गाने माझ्या मदतीशिवाय शोधून काढले. ज्या घरांत चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात आणि जातात, त्या घरांतल्या मुलांना येण्यातच जाणे दिसते; आपण मोठी माणसे ‘बाबा येणार, मज्जा आहे!’ असे म्हणून त्यांची अर्धी भावना पुसून टाकतो. तुमच्या वर्गात बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची मुले असतील, तर त्यांना मासा त्यांच्या घरच्या भाषेतला शब्द उच्चारून ठेवू द्या आणि तो शब्द सर्वांना शिकवू द्या.

आता एक जुनी गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच मी या बाबतीत इतकी सावध झाले. शिक्षकी पेशाच्या पहिल्या वर्षांत मी मुलांना गोलात बसवून ‘तुम्हाला घरी सर्वांत जास्त वाईट कशाचे वाटते?’ असे विचारत असे आणि मुले बोलतात याचा मला अभिमान वाटे. एके दिवशी एका मुलीने सांगितले की रात्री तिचे वडील भांडी फेकतात. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट साऱ्या वाडीत पोहोचली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. ती मला काहीही बोलली नाही, फक्त मुलीचे दप्तर घेऊन गेली. मुलगी पुढे शाळेत आली, पण वर्षभर गोलात बसली नाही. ती चूक सर्वस्वी माझी होती. ज्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याचा त्या वर्गाला अधिकार नव्हता, तो प्रश्न मी वर्गासमोर विचारला होता. म्हणून खेळात घरचे विचारायचे नाही, हा नियम मी तेव्हापासून कधी मोडला नाही.

याचा अर्थ घरचे काही कळले तर कान बंद करावेत, असा मुळीच नाही. एखादे मूल पुन्हा पुन्हा नारबाला मार खाताना दाखवत असेल, कोणाच्या स्पर्शाला दचकत असेल किंवा एकाएकी गप्प झाले असेल, तर खेळ तिथेच सौम्यपणे वळवा आणि नंतर एकट्याने, घाई न करता बोला. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. ‘तुला मदत करू शकेल अशाच माणसाला सांगीन’ असे म्हणा. लैंगिक अत्याचाराची शंका असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक वर्गाच्या दाराजवळ लिहून ठेवा.

त्या मुलाशी आता काय करावे, हे तुम्ही स्पष्ट विचारले नाही, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिले आहे, असे मला वाटते. त्याला समोर बसवून त्या दिवसाविषयी बोलू नका. शाळा सुटताना चटया गुंडाळायला त्याला हाताशी घ्या. हात कामात असले आणि नजरेला नजर द्यावी लागली नाही की मुलांना बोलणे सोपे जाते. गुंडाळता गुंडाळता एवढेच म्हणा: ‘त्या दिवशी मी तुला अवघड चिठ्ठी दिली, ती माझी चूक होती.’ त्यावर तो काही बोलला तर ऐका, न बोलला तर चटया पुऱ्या करा. आई फोन कधी करते, त्या वेळी त्याच्याजवळ फोन असतो का, हे आजीला विचारा. पुष्कळदा दुखणे एवढ्यातच अडकलेले असते. बाकीच्या मुलांना हसल्याबद्दल रागावू नका, त्यांना काम द्या. कोणी रडू लागले तर दोन्ही बाजूंच्या मुलांनी त्याच्याजवळ बसायचे, एकाने पाणी आणायचे आणि ‘आमी हय आसव’ (आम्ही इथे आहोत) एवढेच म्हणायचे, असे वर्गाने मिळून ठरवावे आणि नारबावर त्याची तालीमही करावी. ‘रडूबाई’, ‘मुलगा असून रडतोस’ हे शब्द वर्गातून हद्दपार झाले पाहिजेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि मुलाच्या रडण्याची थट्टा मला तरी त्याहून वेगळी वाटत नाही.

मुख्याध्यापकांची काळजी रास्त आहे, तिला उत्तर द्यायला हवे. २०११ मध्ये जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी २१३ शालेय उपक्रमांचा, म्हणजे सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. भावनिक आणि सामाजिक कौशल्ये शिकलेल्या मुलांची अभ्यासातील प्रगती इतरांपेक्षा सरासरी ११ शतमकांनी, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत सुमारे ११ जागांनी, पुढे असल्याचे त्यांना आढळले, आणि वर्गशिक्षकांनी स्वतः घेतलेले उपक्रमही परिणामकारक ठरले होते. ते बहुतेक अभ्यास अमेरिकेतील शाळांचे असल्याने आकडा जसाच्या तसा इथे लावू नये, परंतु वाचन-गणिताचा वेळ वाया जातो ही शंका त्याने दूर व्हायला हरकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही भावनिक क्षमतांचा उल्लेख आहे, आणि शासनाच्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमात हे खेळ सरळ बसतात. आठवड्यातून दोनदा २० मिनिटे मागा. त्यांतली एक वेळ परिपाठाला जोडून. पालकांना शब्दांनी पटवण्यापेक्षा एका शनिवारी बोलावून साडीचा काठ हातात द्या. ज्यांनी ‘रडूक शिकवतास काय?’ असे विचारले, त्यांना सर्वांत आधी बोलवा.

राहिला तुमचा स्वतःचा राग. तो सांगावा, पण कोणाच्या अंगावर टाकू नये. ‘तुमच्यामुळे मला राग आला’ असे म्हटले की मुले तुमचा राग सांभाळू लागतात आणि स्वतःचे विसरतात. ‘मघाशी माझा आवाज चढला. खिडकी फुटली तेव्हा काच कोणाला लागेल म्हणून मी घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो. मी पाणी पिऊन येते’ असे सांगून खरोखर पाणी पिऊन या. मुले तुमच्याकडे बारकाईने पाहत असतात, आणि मोठे माणूस चढलेला आवाज कसा खाली आणते, हे त्यांतल्या कित्येकांना प्रथमच पाहायला मिळेल. तुम्हालाही एखाद्या दिवशी काहीच सांगावेसे वाटले नाही, तर ‘होडी किनाऱ्यावर’ तुमच्यासाठीही आहे.

येत्या शनिवारी फक्त साडीचा खेळ घ्या. साडी सुती घ्या. नायलॉनची फार फुगते आणि लहान मुठींतून निसटते. त्या मुलाला काठ धरायचा नसेल, तर करवंटी साडीवर ठेवण्याचे आणि पडली की उचलून आणण्याचे काम त्याला द्या.